शेंग : पाटे, पत्रा, बाभूळ आणि गोटे

६ ऑक्टोबर

माल शेडसमोर पसरला. ट्रकचे जुने पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या बाकदार पोलादी पट्ट्या), जाड-पातळ पत्र्याचे तुकडे, १६ मिमी सळईचे उरलेले टोक, एक साखळी, दोन गिअर, बिडाचं एक चाक. पलीकडे वाळलेलं बाभळीचं खोड आणि नदीतले गोटे.

करायची आहे एक उकललेली शेंग. उभी, माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी, साधारण २.२ मीटर. पाट्यांच्या फासळ्या, त्यांवर पत्र्याची साल, मधोमध खोडाचा कणा आणि आत बियांच्या जागी गोटे. आकार सुचला तो पाट्यांमुळे. पाट्याला बाक असतोच. सात पाटे पाठ बाहेर करून गोलात उभे धरले की मध्ये पोकळी आपोआप तयार होते. भंगाराच्या कामात आधी माल, मग आकार हा क्रम मला मानवतो. कागदावर आधी चित्र पक्कं केलं की मग हवा तसा तुकडा शोधत फिरायचं, आणि सापडत नाही म्हणून शेवटी नवाच माल कापायचा. मग भंगार कशाला?

गिअर आणि साखळी बाजूला ठेवली. ही मंडळी भंगाराच्या शिल्पांत इतकी बोकाळली आहेत की दिसताक्षणी बघणारा ‘अरे, हा गिअर!’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. पिकासोने १९४२ साली सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात सीट सीटच राहतं, हँडलही हँडलच राहतं, आणि तरी बैल दिसतो. ओळखीची वस्तू वापरायची तर तिने अशी दोन्ही कामं केली पाहिजेत. माझे गिअर एकच करतात.

संध्याकाळी ठिणगी बघून मालाची वाटणी केली. ग्राइंडरला तुकडा हलका टेकवायचा आणि मागे काळोख असेल अशा बाजूला ठिणग्या उडू द्यायच्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळसर, सरळ जातात, फुटतात कमी. पाट्याच्या ठिणग्या वाटेतच फुटून त्यांना भराभर फाटे येतात, कारण त्यात कार्बन जास्त. बिडाच्या आखूड आणि मळकट लाल. ‘सळई’ म्हणून ठेवलेला एक दांडा असा फुटायला लागला की तो उचलून पाट्यांच्या ढिगात टाकला. खडूने खुणा केल्या: सा, पा, बी.

८ ऑक्टोबर

जस्ताचा मुलामा असलेले तुकडे वेगळे काढले. वेल्डिंगच्या आर्कखाली पोलाद वितळायला सुमारे १५०० °से लागतात. जस्त ९०७ लाच उकळतं. म्हणजे लोखंड विरघळायच्या आधी जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी, ताप, अंग मोडून येणं. वेल्डर लोकांना हा ताप ओळखीचा आहे आणि बरेच जण तो अंगावर काढतात. मी अशा पत्र्याला वेल्डिंगच करणार नाहीये. लागलाच तर रिव्हेट.

दोन्ही बाजूंनी बंद असलेला एक पाइपही बाहेर काढला. आत काय आहे माहीत नसताना बंद पोकळीला उष्णता द्यायची नाही. पिंप असो, टाकी असो, पाइप असो. आत तेलाचा नुसता ओशटपणा राहिला असला तरी त्याची वाफ स्फोटाला पुरते.

११ ऑक्टोबर

तार आणि पुठ्ठ्याचा १:१० नमुना. तो टेबलावर फिरवून बघताना कळलं की फाक समोरून नको, जरा तिरपी हवी. चालत जाणाऱ्याला आधी साल दिसावी आणि दोन पावलं पुढे गेल्यावर गोटे.

मग वजनं. सळईचा हिशेब साइटवरचा प्रत्येक सेंटरिंगवाला तोंडी करतो: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागे किलो. १६ मिमीला १.५८. पाटा ७० × १० मिमी, मीटरला साडेपाच किलो. सात फासळ्या, २.२ मीटर प्रत्येकी: ८५ किलो. पत्रा १.६ मिमी, तीन चौरस मीटर: ३८. सळई बारा मीटर: १९. खोड ५०, गोटे ३३, तळाची १२ मिमी जाडीची ७०० × ७०० प्लेट ४६. बेरीज २७० च्या आसपास.

गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण एक मीटरवर येतोय. प्लेटची अर्धी रुंदी ३५० मिमी. म्हणजे १९ अंशांपर्यंत कलली तरी परत बसेल. ऐकायला बरं वाटतं, पण वारा धरल्यावर चित्र बदलतं. ताशी १०८ किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला ३० मीटर. दाब चौरस मीटरला ५५० न्यूटन. शेंगेची वाऱ्याला अडणारी बाजू सुमारे दोन चौरस मीटर, आकाराचा गुणक १.२ धरला तर १३०० न्यूटनचा ढकला. तो १.२ मीटर उंचीवर लागतो, म्हणजे उलथवणारा जोर जवळपास १६०० न्यूटन-मीटर. वजन सावरून धरतं ९२७. नुसती ठेवली तर वादळात जाणार. चार एम-१६ (१६ मिमी जाडीचे) अँकर बोल्ट आणि खाली काँक्रीट हे आजच ठरलं. प्लेट आणखी जाड करून हा प्रश्न सोडवायचा नाही, उचलायलाही आपणच आहोत.

१२ ऑक्टोबर

खोडाची साल काढली. सालीखाली किड्यांची भोकं होती, काहींतून ताजी भुकटी सांडत होती. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने भरपूर पाजलं. हे पावसात धुऊन जातं, म्हणून वर तेल लागेल; पण तेल लाकूड पुन्हा कोरडं झाल्यावरच.

१७ ऑक्टोबर

एक पाटा २.२ मीटरचा नसतो. प्रत्येक फासळीला दोन पाटे जोडायचे आहेत, आणि हा सांधा या कामातला सगळ्यात किचकट भाग. आज वेल्डर काका येऊन बघून गेले. त्यांनी पाटा उचलला, नखाने वाजवला आणि म्हणाले, “हा पाटा आहे गं, अँगल नव्हे. थंडगार पाट्याला टाका मारलास तर टाका राहील आणि पाटा तुटेल.”

तेच बघायला एका पाट्याचे तुकडे कापले. एक जोड थंड पाट्यावर साध्या, नेहमीच्या ६०१३ वेल्डिंग रॉडने मारला आणि उघड्यावर गार होऊ दिला. दुसऱ्यासाठी ७०१८ चे, म्हणजे कमी हायड्रोजनवाले, रॉड आधी भट्टीत कोरडे केले, पाटा तापवला, वेल्ड केला आणि लगेच कोरड्या राखेत पुरला. तापवताना काकांनी थर्मामीटर हातात घेऊ दिला नाही. पाट्याचा एक कोपरा कानसीने घासून चमकवला आणि तिथे रंग बघायला सांगितला. चकचकीत जागेवर आधी फिकट पिवळी छटा चढते, तेव्हा २२०-२३० झालेले असतात. मग तपकिरी, जांभळी, आणि निळी आली की ३००. पिवळी गडद व्हायला लागली की रॉड टेकवायचा.

सकाळी दोन्ही जोड व्हाइसमध्ये धरून हातोड्याने ठोकले. थंड जोड वाकलाच नाही, कट्कन तुटला. बघण्यासारखं होतं ते तुटलेलं तोंड: वेल्डचा मणी शाबूत, भेग त्याच्या शेजारून, पाट्यातूनच, मण्यापासून दोन मिमीवर सरळ गेलेली. तोंडावर राखाडी चमकदार कण, ओढला गेल्याची खूण कुठेच नाही. दुसरा जोड चांगला वाकला आणि मग कडेने फाटू लागला. कारण एवढंच की पाट्यात अर्धा टक्क्याच्या वर कार्बन असतो. आर्कशेजारची पट्टी लालभडक होते, आणि बाजूचं थंड लोखंड तिची उष्णता इतक्या झपाट्याने खेचतं की ती पट्टी पाण्यात बुडवल्यासारखी कडक आणि ठिसूळ होऊन बसते. दमट रॉडमधला हायड्रोजन भर घालतो. आधी तापवणं आणि नंतर राख, दोन्हीचा उद्देश गार होण्याचा वेग कमी करणं.

१९ ऑक्टोबर

तरीही फासळ्यांचा मुख्य सांधा वेल्डचा नाही करणार. पाट्यांचा गठ्ठा गाडीत कसा धरलेला असतो ते समोरच पडलं होतं: मधल्या भोकातून सेंटर बोल्ट आणि दोन्ही बाजूंना यू-बोल्ट. ज्या कामासाठी हा माल घडला त्या कामातला जोड तयार आहे, तोच घ्यावा. दोन पाटे २०० मिमी एकमेकांवर चढवले, एकाच्या मधल्या भोकातून बोल्ट आणि फिरू नये म्हणून दोन यू-बोल्ट. दिसतातही छान, कोवळ्या शेंगेला पेरं असल्यासारखे.

दुसरं भोक लागलं तिथे पाट्याला ड्रिल चालेना. साधं बिट नुसतं तापून निळं पडतं. जिथे भोक हवं तेवढी जागा टॉर्चने लाल करून राखेत गार होऊ दिली, मग कोबाल्ट बिट, कमी वेग, भरपूर तेल.

वेल्ड फक्त तळाशी, जिथे फासळी प्लेटवर बसते. ते सगळे टाके तापवून.

२४ ऑक्टोबर

फासळ्या उभ्या. आधी सगळ्यांना छोटे टाके, ओळंबा आणि गुण्या लावून तपासणी, मग समोरासमोरच्या फासळ्या आलटून-पालटून वेल्ड. एका बाजूने सलग मारत गेलं की गार होताना वेल्ड आकसतो आणि फासळी आपल्याकडे ओढून घेतो, २.२ मीटरवर तळाचा एक अंश म्हणजे माथ्याला ३८ मिमी. वरच्या टोकांना सळईचं एक तात्पुरतं कडं बांधून ठेवलं होतं, ते अजून काढलेलं नाही.

पाट्यांच्या टोकांचे गोल डोळे तसेच ठेवले. माथ्याला सात डोळे थोडे वेगवेगळ्या उंचीवर आले आहेत. ते सारखे करायचा मोह होतो, पण नको.

२९ ऑक्टोबर

दिवसभर पाऊस, ओल्या हातांनी होल्डर धरायचा नाही, म्हणून काम बंद. वाचन.

वेल्डिंग शिल्पात आलं ते कारखान्यातून. हुलिओ गोन्सालेस हा स्पॅनिश शिल्पकार १९१८ च्या सुमारास पॅरिसजवळ रेनोच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला. दहा वर्षांनी पिकासोला लोखंडात काम करायचं होतं, तेव्हा त्याने हाताशी घेतला तो गोन्सालेस. १९२८ ते १९३२ या काळात दोघांनी मिळून जे केलं त्याचे फोटो बघून अमेरिकेत शिल्पकार डेव्हिड स्मिथने टॉर्च हातात घेतला. हाच स्मिथ १९६२ साली इटलीतल्या व्होल्ट्रीच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात गेला आणि तिथे पडलेल्या सांडश्या, चाकं, पत्रे, अवजारं घेऊन ३० दिवसांत २७ शिल्पं करून बसला. एवढं करूनही उरलेला माल त्याने बोटीने घरी मागवला आणि त्यातून पुढची मालिका केली. भंगार जमवणाऱ्याला ही शेवटची गोष्ट नीट समजेल. माझ्या शेडमध्येही ‘कधीतरी लागेल’चा एक कोपरा आहे आणि घरच्यांचं त्याबद्दल वेगळं मत आहे.

५ नोव्हेंबर

पत्र्याची साल. तुकडे वेगवेगळ्या जाडीचे आणि रंगाचे, काहींवर जुना निळा रंग. रंग असलेले तुकडे वेल्डच्या रेषेपुरते दोन्ही बाजूंनी घासून घेतले. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून जाळून काढायचा नाही आणि घासताना मास्क. ब्रेक क्लीनरसारखं क्लोरीनवालं द्रव पुसायला शेडमध्ये आणलंच नाही. आर्कच्या प्रकाशाने आणि उष्णतेने त्याच्या वाफेचा फॉस्जीन वायू होतो, आणि तो प्राणघातक आहे.

बाक काढायला वाळूची पिशवी आणि गोल तोंडाचा लाकडी हातोडा. कडेकडून मध्याकडे ठोकत गेलं की पत्रा उचलून येतो. मध्येच ठोकला तर पोक येतो आणि कडा फाकतात.

तुकडे वरून खाली कौलांसारखे एकावर एक चढवले, म्हणजे पाणी आत न जाता वरून ओघळेल. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकलं तर तिथला गंज दिसत नाही आणि थांबतही नाही. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, मग तोच गंज पाचर होऊन पत्रे एकमेकांपासून उचकटतो, रिव्हेटची डोकी उडवतो. म्हणून प्रत्येक चढावाखाली ३ मिमी वॉशरची फट. पाणी येऊ दे, पण जाऊ दे, वारा लागू दे. जिथे पत्रा आणि फासळी मिळून खळगा होतो तिथे ६ मिमीचं भोक.

टाके आखूड, दूरदूर, २ मिमी रॉड, करंट ५० ॲम्पिअरच्या आसपास. १.६ च्या पत्र्यावर सलग मणी ओढला की पत्रा लाटांनी भरतो.

८ नोव्हेंबर

आत चिखल-भुशाचं अस्तर द्यायची कल्पना होती. सळईच्या जाळीवर एक नमुना करून वाळवला. माती वाळताना आकसते, सळई आकसत नाही. प्रत्येक सळईच्या रेषेवर भेग. सळईला काथ्या गुंडाळून केला तेव्हा भेगा कमी झाल्या, काथ्याने दाबलं जाऊन जागा दिली. पण उघड्यावर पावसात हे टिकणार नाही. अस्तर रद्द.

काथ्या मात्र डोक्यात राहिला.

१३ नोव्हेंबर

खोड आणि लोखंड. इथेच मिश्र मालाची शिल्पं मोडतात असं माझं मत आहे, आणि मोडतात ती नंतर, कुणी बघत नसताना.

आकडे मांडले. खोड बुंध्याशी २२० मिमी जाड. हवेतली ओल बदलते तसं लाकूड आडवं फुगतं आणि आकसतं. कडक उन्हाळ्यातून ओल्या महिन्यांत जाताना या जाडीला तीन ते पाच मिमीचा फरक सहज पडेल. लांबीत मात्र जवळजवळ काहीच नाही. त्याच २२० मिमी लोखंडात ३० अंश तापमान बदललं तरी फरक ०.०८ मिमी. लोखंडाचं घट्ट कडं खोडाभोवती ठोकलं तर ओल आली की लाकडाचे तंतू कड्याखाली चेपतात आणि कोरडं झालं की कडं खुळखुळतं. आरपार दोन बोल्ट आडवे पक्के केले तर खोड त्यांच्या मधून उभं तडकतं.

डेबोरा बटरफील्ड ही अमेरिकन शिल्पकार घोडे करते. सुरुवातीला काटक्या आणि चिखलाचे, मग भंगार लोखंडाचे; आता काटक्यांचे दिसतात ते खरे ब्राँझचे ओतीव असतात. काटक्यांवर साचा करून त्या जाळून टाकायच्या आणि त्या जागेत धातू ओतायचा. तिथे लाकूड हलण्याचा प्रश्न उरत नाही, पण लाकूडही उरत नाही. मला खोड खोडच हवं आहे.

म्हणून: एकच जागा पक्की. खोडाच्या मध्यावर एक स्टेनलेस बोल्ट आरपार. वर आणि खाली प्रत्येकी एक कंस, त्यात गोल भोकाऐवजी आडवं लांबट भोक, १२ मिमीच्या बोल्टला २४ ची खाच. नायलॉनचा वॉशर, त्यावर स्टीलचा, त्यावर नट, हाताने फिरवता येईल इतपत आवळून वर दुसरा नट कुलपासारखा. खोडाचा तळ प्लेटपासून ४० मिमी वर, एका खुंटीवर. आडवा कापलेला तळ पाण्यात बसला तर ते पाणी तंतूंच्या नळ्यांतून वर चढतं.

१५ नोव्हेंबर

बाभळीत टॅनिन भरपूर. खोडाच्या कापलेल्या चकतीवर ओला लोखंडी कीस ठेवून झाकला, दुसऱ्या दिवशी उचलला. प्रत्येक कणाखाली निळसर काळा ठिपका, आणि ठिपक्यातून तंतूंच्या दिशेने बारीक रेघा गेलेल्या. घासल्यावर कमी होतो पण जात नाही. लोखंडाचे क्षार टॅनिनला भेटले की हे होणारच. जुनी काळी शाई याच तत्त्वावर होत असे.

डाग टाळायचा तर लोखंड आणि खोड यांचा संबंध तोडायचा, म्हणून स्टेनलेसचे बोल्ट आणि मध्ये रबरी पट्टी. पण कुठे डाग पडेल ते आपण ठरवायचं असेल तर? व्हिनेगरमध्ये स्टील वूल बुडवून ठेवलंय, बाटलीचं झाकण सैल, कारण त्यातून हायड्रोजन सुटतो.

१९ नोव्हेंबर

व्हिनेगरचं पाणी गाळून खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागावर लावलं. लावताना काहीच दिसत नाही. मग लाकूड राखाडी होतं, आणि बघता बघता जांभळट काळं. वर जाताना पाणी पातळ करत नेलं, रंग तपकिरीत विरला. गाभ्याचं लाकूड पटकन काळवंडलं, बाहेरच्या फिकट लाकडाने फारसा रंग घेतला नाही, म्हणून एका बाजूला फिकट पट्टा राहिला. राहू दे.

अगदी तळ टॉर्चने जाळून कोळशाचा थर केला आणि ब्रशने सुटा कोळसा झाडला. जळकं लाकूड ओल आणि कीड उशिरा धरतं. काळ्यावर काळं आल्याने कुठे जाळलंय आणि कुठे रंगवलंय ते कळत नाही, हे अनपेक्षित आणि चांगलं.

२६ नोव्हेंबर

गोटे. डायमंड बिटने भोक पाडून एपॉक्सीने खुंटी बसवता येते, लोक तसं करतात. पण गोट्याला भोक पाडायचं जिवावर आलं. एवढा गोल व्हायला त्याला किती काळ लागला असेल, आणि आपण पाच मिनिटांत त्याचं खुंटाळं करायचं.

त्याऐवजी सळईचे पंजे, प्रत्येकाला तीन बोटं. गोटा तीन टेकूंवर स्वतःच्या वजनाने बसतो. तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत, चार डुगडुगतात. वरून एक चौथं बोट, बोल्टने येणारं-जाणारं, फक्त उचलून नेऊ नये म्हणून. पंजा गोट्यावर ठेवून वेल्ड करायचा नाही. नदीच्या गोट्यात मुरलेलं पाणी असतं; अचानक तापलं की वाफ होते आणि गोट्याच्या चिपा उडतात, डोळ्यांच्या दिशेने. प्रत्येक गोट्याचा ओल्या मातीत ठसा घेतला, ठशात पंजा जुळवला, टाके मारले आणि मग ठसा फेकून दिला.

बोटांच्या टोकांना काथ्या गुंडाळला. चिखलाच्या नमुन्यातून शिल्लक राहिलेली गोष्ट. दगड लोखंडावर घासून किरकिरत नाही आणि लहानसहान फरक काथ्या जिरवतो. तो दोन-तीन वर्षांत कुजेल, तेव्हा पुन्हा गुंडाळायचा.

सगळ्यात मोठा गोटा सगळ्यात खाली असावा असं हिशेब सांगतो. मी तो खालून दुसऱ्या जागी ठेवला. खऱ्या शेंगेत बिया मधे टपोऱ्या असतात.

३ डिसेंबर

गंज चढवणं. काही जण म्हणाले कॉर-टेन वापर. ते पोलाद यू. एस. स्टीलने १९३३ मध्ये बाजारात आणलं. त्यात तांबं, क्रोमियम वगैरे थोडं मिसळलेलं असतं, म्हणून त्याचा गंज दाट होऊन बसतो आणि पुढची झीज खूप मंदावते. शिकागोमधलं १९६७ चं पिकासोचं उंच शिल्प त्याचंच आहे. पण तेही आलटून-पालटून ओलं आणि कोरडं झालं तरच चालतं. पाणी साचून राहिलं तर कॉर-टेनही साध्या लोखंडासारखं खातं. आणि माझा माल भंगाराचा आहे, त्यातलं काहीच कॉर-टेन नाही. साध्या लोखंडाचा गंज आपण होऊन थांबत नाही, तो थांबवावा लागतो.

आधी तेलकटपणा धुतला, वेल्डवरची स्लॅगची काचेसारखी खपली टोकरून काढली. स्लॅगखाली गंज एकसारखा येत नाही. मग व्हिनेगर फवारून वाळू दिलं, आणि वर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडं व्हिनेगर आणि मीठ. फवारताच फेस येतो आणि नारिंगी रंग डोळ्यांदेखत चढतो. हे मिश्रण लागेल तेवढंच करायचं, बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, आणि ब्लीच जवळही आणायचं नाही. खोड आणि गोटे अजून बसवलेले नाहीत ते याचसाठी.

पाट्यांवर रंग गडद आला, पत्र्यांवर भडक. निळ्या रंगाचे तुकडे तसेच राहिले. उन्हात तो निळा गंजाशेजारी जरा जास्तच बोलतो.

४ डिसेंबर

भरपूर पाण्याने धुतलं. मीठ राहिलं तर मेणाखालीही काम चालूच ठेवेल.

१० डिसेंबर

मेण. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. त्यात जवसाचं तेल घालून गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलं, थेट आचेवर नाही. हॉट एअर गनने लोखंड हात लावून चटका बसेल इतकं तापवलं आणि फडक्याने चोळलं. तापलेल्या लोखंडात मेण शिरतं, थंडावर नुसतं बसतं. रंग एकदम दोन छटा गडद होतो, त्यामुळे गंज चढवताना डोळ्याला हवा त्यापेक्षा फिकटच थांबायचं असतं.

फडकी लगेच पाण्याच्या बादलीत. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता अडकून काही तासांत आपोआप पेट घेते. ज्या शेडमध्ये लाकडाचा भुसा आहे तिथे हे विसरायला परवानगी नाही.

१८ डिसेंबर

उभी केली. तीन पाइपांची घोडी, चेन ब्लॉक, पट्टा गुरुत्वमध्याच्या वर बांधलेला. आधी जमिनीपासून हातभर नाही, फक्त दोन बोटं उचलली आणि थांबलो. लोंबकळताना ती मागे चार-पाच अंश कलली, म्हणजे हिशेबापेक्षा पत्र्याची साल जड झाली आहे. पट्टा सरकवून पुन्हा. वेल्डर काका तेवढ्यात म्हणाले, “खाली कुणी हात घालू नका रे, बोल्ट पारेने जुळवा.” पोरांनी हात मागे घेतले.

चार अँकर बोल्ट, प्लेटखाली नटांवर टेकवून समपातळी, मग प्लेट आणि काँक्रीटच्या मध्ये ग्राउट, म्हणजे फट भरणारं सिमेंटचं मिश्रण. ग्राउटला बाहेरच्या बाजूने उतार, म्हणजे प्लेटच्या कडेला पाणी थांबणार नाही. खोड खुंटीवर बसवलं, बोल्ट लावले, शेवटी गोटे.

तात्पुरतं कडं कापलं. फासळ्या जागच्या हलल्या नाहीत, फक्त एकीचं टोक बोटभर बाहेर गेलं. पाट्यात थोडा ताण शिल्लक असतोच.

२० जानेवारी

मधल्या काळात दोनदा पाऊस आणि बरंच कडक ऊन झालं. लांबट खाचांत बोल्टशेजारी मार्करने रेघ मारून ठेवली होती. खालच्या कंसात बोल्ट रेघेपासून दीड मिमी सरकलाय, वरच्यात जेमतेम अर्धा. वर खोड बारीक आहे. लाकडावर नवी भेग नाही. जुनी भेग माथ्याशी आहे तेवढीच.

चौथ्या फासळीखाली काँक्रीटवर गंजाचा ओघळ उमटला आहे. मेण तिथे पातळ बसलं असावं, पुन्हा तापवून द्यायचं. काँक्रीटवरचा डाग ऑक्झॅलिक ॲसिडने निघतो, पण ते खोडावर उडालं तर काळा रंगही फिका करतं, म्हणून आधी खोडाला प्लॅस्टिक गुंडाळायचं. ६ मिमीच्या भोकांत पालापाचोळा आणि कोळ्यांची जाळी अडकतायत. सगळी १० ची करायची, आतून बाहेर उतार देऊन. ड्रिल उद्या मोकळं आहे.